मानेचं ऑपरेशन झाल्यावर घरी: 'मानेला जपा' म्हणजे नक्की काय करायचं?

खडूफळा

मंडळी, बरीच वर्षं मी इथे नुसती वाचत असते. आज पहिल्यांदा धागा काढतेय. शुद्धलेखन शिक्षिकेचं आहे, पण हात अजून थकतो, तेव्हा टंकनाच्या चुका पोटात घाला.

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली एकच ओळ होती: 'मानेला जपा, झटके टाळा.' घरी येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, सासूबाईंनी हातात पाण्याचं भांडं दिलं. आमच्याकडे भांडं तोंडाला लावत नाहीत, वरून पितात. वरून प्यायचं तर मान मागे टाकायला हवी. मी भांडं धरून तशीच बसले. त्या ओळीत याचं उत्तर नव्हतं. शेवटी लेकाने ज्यूसच्या खोक्याची नळी काढून दिली आणि पुढचा महिनाभर मी पाणी, चहा, ताक सगळं नळीनेच प्यायले. अशा पन्नास गोष्टी निघाल्या. त्या कुठेतरी लिहून ठेवाव्यात म्हणून हा धागा.

आधी थोडं माझ्याबद्दल. वय ४६, डोंबिवली, माध्यमिक शाळेत शिकवते. वर्षभर उजवा हात दुखत होता, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर. गोळ्या, शेक, फिजिओ सगळं झालं. मग फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटायला लागला आणि एमआरआयमध्ये दिसलं की सी५-सी६, म्हणजे मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली चकती नसेवर बसली आहे. ऑपरेशन पुढून झालं. गळ्याच्या सुरकुतीतच दीडेक इंचाचा छेद घेतात, श्वासनलिका आणि अन्ननलिका हलकेच बाजूला सारून मणक्यापर्यंत जातात. चकती काढून तिथे टेकू म्हणून छोटा पिंजरा बसवला, वर टायटॅनियमची पट्टी आणि चार स्क्रू. कालांतराने ते दोन मणके हाडाने जुळून एक होतात. आज ४३ वा दिवस.

हातातली कळ शुद्धीवर आले तेव्हाच गेली होती, खोटं नाही सांगत. बधिरपणा मात्र अजून आहे. सर्जन म्हणाले, नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या वेगाने सुधारते, मानेपासून अंगठ्यापर्यंत अंतर किती ते मोजा आणि धीर धरा. मी खरंच टेपने मोजलं. सत्तरच्या वर सेंटिमीटर. मग आणखी विचारलं नाही.

गिळायला त्रास होतो हे आधी सांगितलं होतं, पण इतका होईल असं वाटलं नव्हतं. पहिला आठवडा घशात बोर अडकल्यासारखं. मऊ भात, तूप आणि मेतकूट, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील यावर काढला. पोळी दुधात कुस्करूनही दहाव्या दिवशी खाल्ली. कॅल्शियमची ती घोड्याला द्यायची असते तशी गोळी तर गिळवेचना, डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. मोठी गोळी अडकली की खोकला येतो आणि खोकल्याने मानेला जो हिसका बसतो तो नको वाटतो.

आवाज बसला. शिक्षिकेचा आवाज! स्वरयंत्राची नस त्याच वाटेवर असते, ती ताणली जाते. तीन आठवड्यांनी परतला, वरची पट्टी अजून लागत नाही. वर्गात ओरडायची सोय गेली, मुलांचं भलं झालं.

झोपेचं सांगते. पलंगावरून सरळ उठायचं नाही. आधी गुडघे वाकवून अख्खं अंग एका लाकडी ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपराने जोर देऊन बसायचं. नर्सने एकदा दाखवलं होतं, घरी पहिल्या रात्री विसरले आणि डोक्याने उठले, तेव्हा देव आठवले. उशी एकच, आणि खांद्याखाली न जाणारी. पालथं झोपणं बंद.

अंघोळ हा सगळ्यात मोठा घोळ. बादली खाली, तांब्याने पाणी घ्यायला वाकायचं. मग बादली उंच स्टुलावर ठेवली, तीही अर्धी भरून, आणि स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर. केस पंधरा दिवस धुतलेच नाहीत. जखम बरी झाल्यावर बहिणीने धुऊन दिले, मी ताठ बसून. पार्लरमधल्या त्या बेसिनवर मान मागे टाकून केस धुणं तर वर्षभर विसरा. कपडे पुढून बटणांचे. डोक्यातून घालायचे कुर्ते कपाटात गेले आणि नवऱ्याचे जुने शर्ट बाहेर आले.

आणि एक, जे कुणी बोलत नाही: वेदनाशामकांनी पोट धरतं. कुंथलं की मानेपर्यंत ताण जातो. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर आधीच कमोडची खुर्ची भाड्याने आणून ठेवा.

दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीत, एक घट्ट दुखणं यायचं. मला वाटलं स्क्रू निसटला. तसं काही नव्हतं, या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतं म्हणे.

बाकी लोकांनी आपापलं लिहा. मला विशेषतः विळी, ओटा आणि शाळेतले पेपर याबद्दल विचारायचं आहे.

वरणफळ

वाचनखूण साठवली आहे. आईचं पुढच्या महिन्यात आहे. नळीची गोष्ट आत्ताच वहिनीला पाठवली.

हिंजवडीचा_हमाल

माझं दोन वर्षांपूर्वी झालं, वय तेव्हा ३८. माझ्यात मणके जुळवले नाहीत, कृत्रिम चकती बसवली, म्हणून सांधा हलता राहिला. ती सगळ्यांना चालत नाही. मागचे सांधे झिजलेले असतील किंवा हाड ठिसूळ असेल तर सर्जन नाही म्हणतात.

मी केलेली चूक लिहितो. बाराव्या दिवशी लॅपटॉप उघडला. तोही पलंगावर, मांडीवर घेऊन. 'घरूनच तर आहे, बसूनच तर आहे.' तिसऱ्या दिवशी मान लाकूड. सर्जनने विचारलं, स्क्रीन कुठे असते? मी म्हटलं मांडीवर. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

आता स्क्रीन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांवर, कीबोर्ड वेगळा. फोन डोळ्यांसमोर उचलून बघतो, मेट्रोत लोकांना वाटतं मी त्यांचे फोटो काढतोय. ऑफिसला सहाव्या आठवड्यात गेलो. दुचाकीला तीन महिने हात लावला नाही, मागेही बसलो नाही. आमच्या रस्त्यांवरचे गतिरोधक ज्याने बनवले त्याला मानच नसावी. रिक्षात मागच्या सीटच्या मधोमध बसा, दोन्ही हात समोरच्या दांडीवर. खड्डा दिसला तर आधी सावध होता येतं.

सातारकर६३

आमच्या आईचं मागून झालं. खडूफळा ताईंपेक्षा वेगळं. तिला हात दुखणं नव्हतंच. चालताना झोकांड्या जायच्या, चोळीची बटणं लावता येईनात, पैसे मोजताना नोट सुटायची. आम्ही म्हणायचो वय झालं. नंतर कळलं की मज्जारज्जूच दबलाय. चार मणके मागून मोकळे करून स्क्रू आणि सळया घातल्या.

आयुष्यभर डोक्यावर वैरणीचे भारे, सरपण, पाण्याच्या दोन-दोन घागरी. डॉक्टर म्हणाले डोक्यावर आता काही नाही. तिने मान डोलावली (तेवढी हलत होती तेवढी) आणि महिन्याने मी शेतातून आलो तर ही चुंबळ करून घागर चढवायच्या तयारीत! म्हणाली, रिकामीच हाय.

दोन प्रश्न. एक, मागून केलेल्याची जखम जास्त दुखते का? आईला पाठीचा वरचा भाग फार दुखतो. दोन, ती मिशेरी लावते. डॉक्टरांनी 'सिगारेट-तंबाखू नाही ना?' विचारलं, ती नाही म्हणाली. तिच्या लेखी मिशेरी म्हणजे दात घासणं.

मणक्याचा_मित्र

पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. इथे कुणाला तपासलेलं नाही, तेव्हा तुमच्या सर्जनचा शब्द शेवटचा.

सातारकर, आधी मिशेरी. मिशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाड जुळायला लागणारं रक्त तिथे पोचत नाही. जुळणी न होण्याचं ते एक मोठं कारण आहे. आजच सर्जनना फोन करून सांगा, लपवू नका. एकदम सोडवली तर चिडचिड, डोकेदुखी होईल, तीही सांगा. आणि हो, मागून केलेलं जास्त दुखतं. पुढून जाताना स्नायू बाजूला सारतात, मागून जाताना हाडावरून सोडवावे लागतात. ते परत जोर धरायला वेळ घेतात.

आता सगळ्यांसाठी. आपलं डोकं साधारण पाच किलोचं. सरळ बसलात तर तेवढंच. पुढे झुकलात की तरफेच्या नियमाने मानेवरचा भार वाढतो. हंसराज नावाच्या अमेरिकी सर्जनने २०१४ मध्ये गणित मांडलं होतं की ६० अंशांत झुकलं तर मानेवर साधारण २७ किलोचा भार येतो. ते संगणकी गणित आहे, जिवंत माणसांत मोजलेलं नाही, आणि व्हॉट्सॲपवर ते फिरतं तेवढं घाबरायचं कारण नाही. वाकणं वाईट नाही. तासभर वाकलेलंच राहणं वाईट.

विळीबद्दल विचारलंत. निदान तीन महिने विळी नको. खाली बसून, एक पाय मुडपून, मान खाली घालून नारळ खवणं म्हणजे मानेच्या सगळ्या शत्रूंची एकत्र बैठक. टेबलाशी बसून सुरीने चिरा, पाट जरा उंच करा. पोळ्या लाटायच्या असतील तर आधी चारच. ओटा कोपराच्या किंचित खाली यायला हवा, आपल्याकडे बहुतेक ओटे त्याहून खालीच. भरलेला कुकर उचलू नका, पहिले काही आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही नाही. माळ्यावरचे डबे आत्ताच खाली काढून ठेवा. वर बघत हात उंच करून डबा काढणं हे वाकण्यापेक्षा वाईट.

चालणं हा पहिल्या दिवसापासूनचा व्यायाम आहे. घरातल्या घरात का होईना, दिवसातून पाच-सहा वेळा. मानेचे व्यायाम सर्जन हो म्हणाल्याशिवाय सुरू करू नका, मणके जुळवलेल्यांत साधारण सहा आठवड्यांच्या एक्स-रेनंतर. सुरुवात अगदी साधी: पाठीवर झोपून हनुवटी किंचित आत ओढायची, 'हो' म्हणताना मान हलते त्याच्या निम्मी, दहा मोजायचं, सोडायचं. घशाच्या मागे खोलवर असलेले स्नायू त्याने जागे होतात. शेजारणीने सांगितलेलं मान गोल-गोल फिरवणं नको. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन यांना कायमचा रामराम.

बाळंतकाढा

एवढं घाबरवू नका हो लोकांना. आमच्या गावात एक म्हातारबा आहेत, तेलाने मान अशी चोळतात की पंधरा मिनिटांत मोकळी. शेवटी 'कट्' करून डावी-उजवी मोडतात. ऑपरेशनला लाखो घालवण्याआधी एकदा गाठ घालून द्यायला हवी होती.

हिंजवडीचा_हमाल

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मणक्याचा_मित्र

बाळंतकाढा, तेल लावणं वेगळं आणि मान मोडणं वेगळं. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. झटक्याने मान मोडताना त्यांच्या आतलं अस्तर फाटून पक्षाघात झालेले रुग्ण नोंदलेले आहेत. क्वचित होतं, पण होतं. न्हाव्याकडे चंपीनंतर मान मोडायची आपल्याकडे जी हौस आहे ती निरोगी माणसानेही सोडावी. ज्याच्या मानेत पट्टी आणि स्क्रू आहेत किंवा मज्जारज्जू दबलेला आहे, त्याच्या मानेला म्हातारबांनी हात लावू नये.

ऑपरेशनच्या आधीचं म्हणाल तर अर्धं बरोबर आहे. नस दबून हात दुखणाऱ्यांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत ते दोन-चार महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात. पण ताकद जायला लागली, किंवा सातारकरांच्या आईसारखी झोकांडी जायला लागली, तर वाट बघण्यात नुकसान आहे.

बाळंतकाढा

बरं. म्हातारबांना कळवतो. (ते ऐकणार नाहीत.)

वरणफळ

आईसाठी विचारते. घरी आल्यावर कशाला घाबरून लगेच दवाखान्यात पळायचं आणि कशाला नाही?

मणक्याचा_मित्र

चांगला प्रश्न, मीच आधी लिहायला हवं होतं. पुढून केलेल्यात पहिल्या दोन-तीन दिवसांत गळा अचानक सुजू लागला, श्वास घ्यायला जड जातंय, लाळही गिळता येत नाही, तर कुणाला फोन करत बसू नका, थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. आत रक्त साठून श्वासनलिका दबू शकते. फोन करायचाच तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला. हात किंवा पायात नवी कमजोरी, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, तेव्हाही त्याच दिवशी. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरी एका बाजूला सुजून दुखणं, हेही अंगावर काढू नका. घसा खवखवणं, खांद्यांमध्ये दुखणं, बोटांत मुंग्या आधी होत्या तशाच असणं, याने घाबरायचं नाही.

सूज-दुखण्यासाठी घरात पडलेली ब्रुफेनसारखी गोळी आपल्या मनाने घेऊ नका. मणके जुळायचे असतात तोवर अनेक सर्जन ती टाळतात.

आणि खडूफळा, तुम्ही गळ्याच्या पट्ट्याबद्दल (कॉलर) काहीच लिहिलं नाही. किती दिवस घातलात?

खडूफळा

पकडलंत. सर्जननी दोन आठवडे म्हणून सांगितलं होतं, तेही बाहेर पडताना. मी सहा आठवडे झाले तरी घालतेच आहे.

पट्टा घालताना खाली मऊ सुती ओढणीची पट्टी, नाहीतर इथल्या घामाने गळ्याला पुरळ. तेही शिकले. पण खरं कारण सांगते. मानेत पट्टी आणि स्क्रू आहेत हे बाहेरून दिसत नाही. छेद इतका छोटा की मंगळसूत्राखाली लपतो. पट्टा काढून हॉलमध्ये बसले की येणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'अरे वा, छान दिसतेस, झालीस की बरी!' आणि चहाचा ट्रे माझ्याकडे बघायला लागायचा. पट्टा घातला की तोच माणूस स्वतः उठून पाणी घ्यायचा. पट्टा मी मानेला घालत नव्हते, पाहुण्यांना घालत होते.

सासूबाईंना मात्र दोन्हींत फरक नव्हता. पट्टा असो-नसो, मी कुकरला हात लावला की आतून आवाज यायचा, 'ठेव ते.' त्यांना गुडघ्यांनी उभं राहवत नाही, तर दोघींनी मिळून डायनिंग टेबलावर बसून भाजी चिरायचं ठरवलं. विळी त्यांची, पण त्या विळीवर बसत नाहीत आता, मी बसत नाही म्हणून.

मणक्याचा_मित्र

एकाच पातळीवर, म्हणजे दोनच मणक्यांत, धातूची पट्टी घातली असेल तर बरेच सर्जन पट्टा देतच नाहीत. जास्त घातला की स्नायू आळशी होतात, तुमची मान आता तेवढी थकणार. उद्यापासून घरात पूर्ण बंद करा. पाहुण्यांसाठी दुसरं काहीतरी शोधा.

पेपर तपासण्याचं राहिलं. उतरतं टेबल किंवा जुना पाट पुस्तकांवर तिरका टेकवा, पेपर त्यावर. वीस मिनिटं झाली की उठा. चाळीस पेपरांचा गठ्ठा एका बैठकीत संपवणाऱ्या शिक्षिका माझ्याकडे दरवर्षी मे महिन्यात येतात. फळ्यावर डोळ्यांच्या रेषेतच लिहा, वरचा फूटभर मुलांकडून लिहून घ्या.

वरणफळ

मणके जुळले की मान कायमची आखडते का? आईला तीच भीती आहे.

हिंजवडीचा_हमाल

माझ्या वॉर्डात शेजारी जुळवलेले एक काका होते. सहा महिन्यांनी भेटले तेव्हा गाडी मागे घेताना मान वळवून बघत होते. मीच आरशात बघतो.

मणक्याचा_मित्र

मानेत सात मणके. डावी-उजवी मान वळते त्यातला साधारण निम्मा भाग सगळ्यात वरच्या दोन मणक्यांचा. खालचे दोन जुळवले तर वळण फारसं कमी झाल्याचं जाणवत नाही. तीन-चार जुळवले तर जाणवतं. सातारकरांच्या आईला जाणवेल.

जुळलेल्याच्या वर-खालच्या चकत्यांवर मात्र लक्ष ठेवायचं. १९९९ मध्ये हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण बरीच वर्षं तपासले, तेव्हा दरवर्षी साधारण तीन टक्के लोकांना शेजारच्या पातळीवर नवा त्रास सुरू झालेला दिसला, दहा वर्षांत चौथ्या हिश्शाला. तो जुळवल्यामुळे होतो की ती चकती तशीही झिजणारच होती, यावर अजून वाद आहे. म्हणूनच व्यायाम सहा महिन्यांनी सोडायचा नाही. लोक नेमका तेव्हाच सोडतात.

सातारकर६३

अपडेट. सर्जनना फोन केला, मिशेरीचं सांगितलं. ते आईशी दहा मिनिटं बोलले. आई म्हणाली, सोडते. मी डबी उचलून उकिरड्यावर टाकली. संध्याकाळी डबी परत चुलीमागे. विचारलं तर म्हणाली, डबी पितळेची हाय, ती कशाला टाकलीस? उघडून बघितली. आत लवंगा होत्या.

चुंबळ मात्र मी जाळली.

खडूफळा

सातारकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मानेतून नाही, हात जोडूनच.

परवा एक्स-रे झाला, पट्टी जागेवर आहे, व्यायामाला परवानगी मिळाली. पूर्ण जुळायला अजून काही महिने. पट्टा आजपासून बंद. दारामागच्या खुंटीला टांगलाय, हॉलमधून दिसेल असा.